एक जेवत नाही, दुसरी जेवून उलटी करते: ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया यांत फरक काय?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी दोन मुलींविषयी लिहिले आहे. त्यांची स्वतःची मुलगी १६ वर्षांची, अकरावीत शिकणारी. गेल्या सात-आठ महिन्यांत तिचे खाणे कमी कमी होत गेले, कपडे अंगावर ढगळ होऊ लागले, तीन महिने पाळी आलेली नाही, आणि तरीही "मी अजून जाडच आहे" असे ती म्हणते. दुसरी त्यांची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, २१ वर्षांची, पुण्यात वसतिगृहात राहणारी. दिवाळीत ती त्यांच्याकडे राहायला आली होती, तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर ती फराळाचे डबे उघडून भराभरा खाते आणि नंतर बाथरूममध्ये उलटी करते, हे ताईंच्या लक्षात आले. भाचीचे वजन चारचौघींसारखे आहे. हा एकच आजार आहे का, दोघींत जास्त गंभीर कोणाचे, आणि भाचीविषयी बहिणीला सांगावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी २२ वर्षे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि त्यातला बराच काळ आहारविकारांच्या रुग्णांबरोबर गेला आहे. पत्रावरून निदान करता येत नाही. पण तुम्ही जे टिपले आहे ते नेमके आहे, आणि त्यावरून तुमच्या मुलीला ॲनोरेक्सिया नर्व्होसा व भाचीला बुलिमिया नर्व्होसा आहे का, हे विनाविलंब तपासून घ्यायला हवे, एवढे मी ठामपणे सांगतो. हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांच्या मुळाशी असलेली भीती मात्र एकच आहे, म्हणूनच ते एका घरात, कधी कधी तर एकाच व्यक्तीत एकापाठोपाठ एक दिसतात.

आधी त्या भीतीविषयी. आपण सगळेच स्वतःला कशा ना कशावरून जोखत असतो. कुणी अभ्यासावरून, कुणी जोडलेल्या माणसांवरून, कुणी हातातल्या कलेवरून. आणि एक बाजू लंगडी पडली तर दुसरी सावरून घेते. या दोन्ही आजारांत स्वतःला जोखण्याचे एकच माप उरते, ते म्हणजे वजन आणि अंगकाठी. सकाळी काट्यावर जो आकडा दिसेल त्यावर सगळा दिवस ठरतो, आणि परीक्षेत उत्तम गुण मिळाले तरी त्याने काहीच भरून निघत नाही. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या एकारलेल्या मापालाच दोन्ही आजारांचा गाभा मानले आणि त्यावर आपली उपचारपद्धती उभी केली. आपल्याकडच्या मुलींनाही ही मांडणी बहुतेक वेळा लागू पडते; जिथे पडत नाही त्याविषयी पुढे लिहितो.

नावांनी मात्र फार गैरसमज करून ठेवले आहेत. ॲनोरेक्सिया या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणे असा आहे. प्रत्यक्षात या मुलींना भूक लागते. आजार खूप पुढे गेल्यावरच तिची जाणीव बोथट होते. माझ्याकडे येणारी एक मुलगी धाकट्या भावासाठी रोज संध्याकाळी काहीतरी करत असे, कधी थालीपीठ, कधी शिरा, कधी पावभाजी. तो खात असताना ती समोर बसून त्याच्या प्रत्येक घासाकडे पाहत असे आणि स्वतःच्या ताटातल्या पोळीचे नखाएवढे तुकडे करून पाऊण तास ते चिवडत असे. जिला भूकच नाही तिचा जीव असा अन्नात गुंतून राहत नाही. बुलिमिया हा शब्दही ग्रीकच, बैल आणि भूक या दोन शब्दांपासून झालेला. त्यामुळे ऐकणाऱ्याला तो खादाडपणाचा आजार वाटतो आणि मुलीला ते नाव शिवीसारखे लागते. खरे पाहता बुलिमियाची सुरुवातही बहुतेकदा उपाशी राहण्यातूनच होते.

आता निदानाच्या दृष्टीने फरक. बहुतेकांची समजूत अशी असते की जी खात नाही ती ॲनोरेक्सिक आणि जी उलटी करते ती बुलिमिक. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे उपचारही चुकतात. ॲनोरेक्सियाचे दोन प्रकार आहेत. एकात मुलगी केवळ खाणे आवळत नेते. दुसऱ्यात ती अधूनमधून भरपूर खाते, उलट्या करते किंवा जुलाबाची औषधे घेते, आणि तरीही तिचे वजन वय व उंचीच्या मानाने फारच कमी असते. म्हणजे उलटी ही सीमारेषा नव्हे, वजन ही सीमारेषा आहे. वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले असेल तर उलट्या होत असल्या तरी निदान ॲनोरेक्सियाचेच होते. बुलिमियात वजन साधारण असते, कधी थोडे जास्तही असते. त्यात दोन गोष्टी एकमेकींना धरून येतात. पहिली, खा-खा सुटणे: थोड्या वेळात, इतर कुणीही त्या वेळेत खाणार नाही एवढे खाणे, आणि खाताना आता आपल्याला थांबता येणार नाही अशी असहाय भावना असणे. दुसरी, खाल्लेले भरून काढण्यासाठी उलटी, जुलाब, कडक उपास किंवा अतिरेकी व्यायाम. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार हे आठवड्यातून सरासरी एकदा, सलग तीन महिने होत असेल तर निदान करता येते. त्याआधी आठवड्यातून दोनदा अशी अट होती. त्याच वेळी ॲनोरेक्सियाच्या निकषांतून पाळी थांबण्याची अट काढून टाकण्यात आली, कारण तिच्यामुळे मुलगे, आणि वजन घटूनही पाळी चालू असलेल्या मुली, निदानाबाहेर राहत होत्या.

हा झाला पुस्तकातला फरक. रोजच्या कामात मला त्याहून मोठा वाटणारा फरक वेगळाच आहे, आणि तुम्हाला घरात त्याचाच उपयोग होईल. रुग्ण स्वतःच्या आजाराकडे कोणत्या नजरेने पाहते, हा तो फरक होय.

ॲनोरेक्सिया झालेल्या मुलीला आपला आजार ही आपली कमाई वाटते. इतरांना जमत नाही ते आपल्याला जमले, भुकेवर आपण ताबा मिळवला, याचा तिला आतून अभिमान असतो. ती स्वतःहून दवाखान्यात येत नाही. तिला आणावे लागते. आली की आईवडील रडकुंडीला आलेले आणि ती खुर्चीत ताठ बसून शांतपणे सांगते, "मला काही झालेलं नाही, ह्यांनाच उगाच काळजी." तिच्या दृष्टीने डॉक्टर म्हणजे तिची कमाई हिरावून घ्यायला बसलेला माणूस. हा हट्ट नव्हे आणि नाटकही नव्हे. आजारी आहोत हे न कळणे हा या आजाराचाच भाग आहे.

बुलिमिया झालेल्या मुलीला आपला आजार म्हणजे आपली लाज वाटते. ती दिवसभर सगळ्यांत मिसळते, हसते, जेवणाच्या पंगतीत आग्रह करते, आणि एकटी पडली की तिचा बांध फुटतो. नंतर डब्याचे झाकण होते तसे लावणे, कागद दप्तराच्या तळाशी दडवणे, नळ सोडून ठेवणे, हे सगळे ती पुराव्यासारखे लपवते. तिला आजार नको असतो, तिला बरे व्हायचे असते. पण हे तोंडातून काढणे तिला मरणाहून अवघड वाटते. माझ्या अनेक रुग्णांनी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा आजार सुरू होऊन चार-पाच वर्षे उलटलेली होती. तुमच्या भाचीच्या आवाजाने तुम्हाला जाग आली, हे म्हणूनच मी सुदैव समजतो.

म्हणजे एकीचा आजार अंगावर दिसतो आणि तो तिला मान्य नसतो; दुसरीचा आजार तिला पुरेपूर ठाऊक असतो आणि तो कुणालाच दिसत नाही. उपचारांचा सगळा डोलारा या फरकावर उभा राहतो.

वैद्यकशास्त्रालाही आधी दिसणारा आजारच दिसला. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयरोगावर ग्रंथ लिहिला, आणि ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत चाललेल्या दोन रुग्णांची हकिगत त्यात दिली. एक अठरा वर्षांची मुलगी होती, तिचा मृत्यू झाला. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा होता आणि तो बराचसा सुधारला. मुलग्यांना हा आजार होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. सव्वातीनशे वर्षांनंतर आपल्याकडेही वजन उतरलेल्या मुलीची पहिली तपासणी क्षयाचीच होते, आणि आपल्या देशात ती व्हायलाही हवी. फक्त ती निर्दोष आल्यावर तिथेच थांबायला नको. पुढे १८७३ मध्ये पॅरिसला शार्ल लासेग यांनी आणि लंडनला विल्यम गल यांनी या आजाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले, आणि ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचे. बुलिमिया नर्व्होसाला नाव मिळायला मात्र १९७९ साल उजाडावे लागले. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले जेराल्ड रसेल यांनी तीस रुग्णांचा अभ्यास मांडला आणि या आजाराला ॲनोरेक्सियाचा अनिष्ट उपप्रकार म्हटले, कारण त्यांपैकी बहुतेकजणी आधी कमीअधिक प्रमाणात ॲनोरेक्सियातून गेलेल्या होत्या.

उपासमारीतून खा-खा कशी सुटते, हे समजायला १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झालेला प्रयोग फार मोलाचा आहे. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले आणि त्यांचे वजन साधारण पाव हिश्शाने उतरले. या पुरुषांना सडपातळ व्हायचे नव्हते. तरीही ते अन्नाविषयीच बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. खाणे पुन्हा सुरू झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना कितीही खाल्ले तरी समाधान होईना. तुमच्या मुलीचे अबोल होणे, मैत्रिणी तोडणे, ताटात घोळत बसणे यातले पुष्कळसे तिचा स्वभाव नाही, ती भुकेची लक्षणे आहेत. आणि भाचीचे रात्रीचे खाणे हा मनाचा दुबळेपणा नाही, ते उपाशी ठेवलेल्या शरीराचे उसळून येणे आहे. उपास, मग अनावर खाणे, मग उलटी, मग लाज, आणि लाजेपोटी उद्यापासून आणखी कडक उपास, असे ते चक्र फिरत राहते. या चक्रात उलटीने खाल्लेले सगळे बाहेर पडते हा समजही खोटा आहे. बराच भाग तोवर शरीरात गेलेला असतो. उलटीने शरीरातून खात्रीने जाते ते पाणी आणि क्षार.

ॲनोरेक्सियात शरीर काटकसरीवर येते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, डोक्यावरचे केस गळतात आणि पाठीवर-दंडांवर बारीक लव येते, पाळी थांबते, हृदयाचा स्नायू क्षीण होतो. हाडांचे नुकसान मला सर्वांत जास्त सलते, कारण हाडांत कॅल्शियम साठण्याची वर्षे नेमकी हीच असतात आणि ती परत येत नाहीत. पाळी आणण्यासाठी गोळ्या दिल्या की घरच्यांना हायसे वाटते, पण गोळीने आलेल्या रक्तस्रावाने हाडे वाचत नाहीत. वजन भरून स्वतःहून आलेली पाळीच खरी खूण असते.

बुलिमियात शरीर बाहेरून धडधाकट दिसते, आणि इथे मी माझीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत २४ वर्षांची एक नोकरदार मुलगी माझ्याकडे उदासी आणि झोप न लागण्याची तक्रार घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वजन व्यवस्थित, त्यामुळे मी खाण्याविषयी "भूक कशी आहे?" यापलीकडे काहीच विचारले नाही आणि पाच महिने नैराश्याचे उपचार केले. एके दिवशी ती ऑफिसच्या जिन्यात भोवळ येऊन पडली. रक्तातले पोटॅशियम, जे साडेतीन ते पाच असायला हवे, ते २.६ आले आणि ईसीजीत बदल दिसू लागले होते. त्या संध्याकाळी वॉर्डात तिची नाडी बघताना उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरचे जुने, टणक झालेले घट्टे मला दिसले. उलटी करताना दात घासून पडणारी ती खूण, जिला रसेल यांचेच नाव आहे. कानाखाली गालगुंड झाल्यासारखी, पण न दुखणारी सूज होती. पुढच्या दातांची मागची बाजू आम्लाने झिजली होती. पाच महिने तो हात माझ्या टेबलावर माझ्यासमोर होता. तेव्हापासून वजन कितीही असो, मी प्रत्येक तरुण रुग्णाला एक साधा प्रश्न विचारतो: "जेवल्यानंतर कधी उलटी करावीशी वाटते का, कधी केली आहे का?" सरळ आवाजात विचारले की पुष्कळ जणी खरे सांगतात. आपल्याकडे हा आजार कित्येकदा दंतवैद्यांना आधी दिसतो, आणि त्यांनी संकोच न करता बोलावे असे मला मनापासून वाटते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जास्त गंभीर कोणाचे. आकड्यांत पाहिले तर ॲनोरेक्सिया. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार ॲनोरेक्सियात मृत्यूचे प्रमाण त्याच वयोगटातल्या इतरांच्या जवळजवळ सहापट आणि बुलिमियात जवळजवळ दुप्पट आढळले. ॲनोरेक्सियातल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातला एक आत्महत्येने झालेला होता. पण हे आकडे समूहाचे आहेत. वारंवार उलट्या करणारी, साधारण वजनाची मुलगी पोटॅशियम घसरल्यामुळे एखाद्या रात्री तुमच्या मुलीहून अधिक धोक्यात असू शकते. म्हणून दोघींत तुलना करून एकीला थांबवू नका. दोघींचीही रक्ततपासणी आणि ईसीजी याच आठवड्यात व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट तुलना सैल करते. बोस्टनमध्ये दोनशेहून अधिक स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. सात वर्षांत ॲनोरेक्सियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा आजार बुलिमियात बदलला. उलट दिशेचा प्रवास त्या मानाने बराच कमी झाला. म्हणून उपचारांनी मुलीचे वजन वाढू लागले की घरच्यांनी गाफील राहू नये. याच स्त्रियांत नऊ वर्षांनी बुलिमियाच्या ६८ टक्के रुग्ण बऱ्या झालेल्या होत्या, ॲनोरेक्सियाच्या केवळ ३१ टक्के. पण २२ वर्षांनी ॲनोरेक्सियाचाही आकडा ६३ टक्क्यांवर पोचला होता. पहिल्या दोन-तीन वर्षांत हताश झालेल्या आईवडिलांना मी हा आकडा कागदावर लिहून देतो.

कारणांविषयी थोडक्यात, कारण तुमच्या पत्रात "माझं कुठे चुकलं" हे वाक्य दोनदा आले आहे. २०१९ मध्ये ॲनोरेक्सियाच्या जवळपास १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंधित आठ जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध मनाबरोबरच शरीराच्या चयापचयाशीही दिसला. मुलीचा काटेकोर, सगळे अचूक हवे असा स्वभाव, वयात येणे, कुणाचा तरी बोचरा शेरा, कधी एखाद्या तापानंतर सहज उतरलेले वजन, आणि भोवतालचे वातावरण, असे पुष्कळ धागे एकत्र येतात. वातावरणाचा जोर किती असतो हे फिजी बेटांवर दिसले. भरलेल्या अंगाचे कौतुक करणाऱ्या त्या समाजात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा शाळकरी मुलींपैकी एकीनेही वजन घटवण्यासाठी उलटी करत असल्याचे सांगितले नव्हते. १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक जणींनी तसे सांगितले. आज प्रत्येक मुलीच्या हातात त्याहून कितीतरी प्रभावी पडदा आहे. तुम्ही आजार निर्माण केलेला नाही.

आपल्याकडची दोन वेगळी रूपे डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतात. काही मुली जाड होण्याची भीती बोलूनच दाखवत नाहीत. "पोट फुगतं", "घास खाली उतरत नाही", "खाल्लं की मळमळतं" अशाच तक्रारी सांगतात आणि एंडोस्कोपीपर्यंत जाऊन येतात. हाँगकाँगला सिंग ली यांनी १९९०च्या दशकात अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन केले आणि भारतातल्या रुग्णांतही हे आढळले आहे. दुसरे रूप उपासाच्या आड राहते. आधी सोमवार, मग गुरुवार, मग संकष्टी, मग पूर्ण श्रावण, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडीही नको. श्रद्धेने उपास करणारी व्यक्ती उपास सोडताना आनंदाने जेवते. जिला उपास सोडण्याचीच धास्ती वाटते तिच्या उपासाकडे नीट पाहावे.

तुमच्या मुलीसाठी सांगायचे तर, तिच्या बाबतीत अन्न हेच औषध आहे. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. काही औषधांची थोडी मदत होते, पण वजन भरल्याशिवाय समुपदेशनही रुजत नाही, कारण उपाशी मेंदू ऐकून घेण्याच्या स्थितीत नसतो. या वयात सर्वांत चांगला आधार असलेली पद्धत म्हणजे लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती. तिच्यात काही काळ मुलीच्या जेवणाची सगळी जबाबदारी आईवडील घेतात. काय आणि किती वाढायचे हे तुम्ही ठरवता, प्रत्येक जेवणाला कुणीतरी शेजारी बसते, जेवण संपेपर्यंत उठत नाही आणि संपल्यावरही तासभर सोबत राहते. वजन भरत गेले की निर्णय टप्प्याटप्प्याने तिच्याकडे परत सोपवले जातात. हे ऐकायला सोपे आणि करायला अत्यंत दमवणारे आहे, त्यामुळे आई आणि बाबा दोघांचा शब्द एकच असायला हवा. आईने पोळी वाढायची आणि बाबांनी "जाऊ दे, नको असेल तर राहू दे" म्हणायचे, असे झाले की आजाराला फट सापडते.

पण सुरुवात घरी करू नका. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. आजीच्या मायेने सुरू झालेले तुपाचे लाडू पहिल्या आठवड्यात घातक ठरू शकतात. म्हणून आधी नाडी, रक्तदाब, ईसीजी, साखर, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासून डॉक्टरांनी प्रमाण आखून द्यावे. भोवळ येणे, जागेपणी नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली असणे, छातीत धडधडणे, पाणीही नाकारणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

घरातल्या बोलण्याविषयी एक आग्रहाची सूचना. आपल्या भाषेत "तब्येत सुधारली" म्हणजे जाड झाली, हे तुमच्या मुलीला पक्के ठाऊक आहे. "चेहरा भरला", "अंग धरलंस" ही मायेने केलेली कौतुके तिच्या कानाला पराभवाच्या बातमीसारखी लागतात आणि पुढचे जेवण हातचे जाते. पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा. तिच्या दिसण्याविषयी, वजनाविषयी, चांगले किंवा वाईट, काहीच बोलायचे नाही. वाद घालायचा नाही, घास मोजायचे नाहीत. "मला माहीत आहे तुला हे अवघड जातंय, मी इथेच बसले आहे, पुढचा घास घे" एवढेच शांतपणे, पुन्हा पुन्हा.

भाचीचा मार्ग निराळा आहे. बुलिमियासाठी फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या वर्तन-बोधात्मक उपचाराची साधारण वीस आठवड्यांत वीस सत्रे होतात. त्याचा पहिला भाग उलटी थांबवण्याचा नसून दिवसाचे जेवण बसवण्याचा असतो: तीन जेवणे, मध्ये दोन वेळा थोडे खाणे, आणि फार मोठी मोकळी वेळ न ठेवणे. सकाळची न्याहारी सुरू झाली की रात्रीची खा-खा निम्म्याने उतरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि हे पटायला मुलींना सर्वांत कठीण जाते, कारण रात्री खाल्ल्याची भरपाई म्हणूनच त्यांनी न्याहारी सोडलेली असते. त्यानंतर भावना, आरसा, वजन यांच्याशी जोडलेल्या विचारांवर काम होते. इथे औषधाचाही उपयोग होतो. फ्लुओक्सेटीन हे औषध अमेरिकेत बुलिमियासाठी मान्यताप्राप्त आहे. त्याची परिणामकारक मात्रा नैराश्यातल्या नेहमीच्या मात्रेच्या तिप्पट, म्हणजे ६० मिलिग्रॅम असते, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे. उलट, बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचे औषध या दोन्ही आजारांत टाळतात, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. तिने दुसऱ्या कारणासाठी डॉक्टर गाठले तरी हा आजार लपवू नये, ते यासाठी.

शेवटी, बहिणीला सांगावे का. तुमची मुलगी अज्ञान आहे, तिच्या उपचारांचा निर्णय तुम्ही घ्याल. भाची सज्ञान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तिच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवून घेण्याचा तिला हक्क आहे, आणि सर्वसाधारण परिस्थितीत कोणताही डॉक्टर तिच्या संमतीशिवाय तिच्या आईलाही ती देणार नाही. कायद्याचे बंधन मावशीवर नसले तरी माझा सल्ला हाच, की आधी तिच्याशी बोला. लाज हाच ज्या आजाराचा आधार आहे, त्यात पाठीमागून फुटलेली बातमी मुलीला आणखी आत ढकलते. उलट्यांत रक्त, भोवळ, किंवा जीव देण्याचे विचार यांपैकी काही समजले, तर मात्र संमतीची वाट पाहू नका. तिला तसे स्पष्ट सांगून बहिणीला लगेच फोन करा.

बोलायला जेवणाची वेळ निवडू नका आणि फोनवरही नको. पुण्याला जा, तिला घेऊन कुठेतरी चालत फिरायला जा. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना हे बोलणे सोपे जाते. म्हणा, "दिवाळीत रात्री तुला त्रास होत होता ते मला कळलं. मी कुणाला सांगितलेलं नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत." ती नाकारेल, तेव्हा पुरावे मांडू नका, आठवड्याने पुन्हा भेटा. डॉक्टरांकडे जायला ती तयार नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर ती मराठीत बोलू शकते. आणि जेव्हा ती तयार होईल तेव्हा सोबत जा, पहिल्या भेटीत तिला एकटीलाच आत जाऊ द्या आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहा.